उरलेल्या गोळ्यांचा डबा

नानांनी डॉक्टरांना खरं सांगितलं असेल ना?

दुपारपासून शेवंतीच्या डोक्यात हे एकच चाललं होतं. तांदूळ निवडून झाले, कमळीची वेणी घालून झाली, उगाचच जिन्यापर्यंत जाऊन खाली डोकावून झालं, तरी ते हटेना. सकाळी नाना गोदीला, त्यांच्या कुत्रीला, चादरीत गुंडाळून परळच्या जनावरांच्या इस्पितळाकडे निघाले, तेव्हा तिने त्यांना जिन्यात अडवून बजावलं होतं, "त्या कॅप्सुलींचं डॉक्टरांना सांगायचं. विसरायचं नाही." नानांनी मान हलवली होती. पण नानांनी मान हलवली म्हणजे त्यांना पटलं असा अर्थ नसतो, हे भिंतीला भिंत लावून राहताना तिला कळून चुकलं होतं.

शेवंती माहेरची गिरगावातली, खोताच्या वाडीच्या मागच्या अंगाची. बी. एस्सी. झाली आणि लालबागच्या या चाळीत लग्न होऊन आली. नवरा रघुवीर छापखान्यात होता आणि छापखान्याबाहेरचा सगळा वेळ संयुक्त महाराष्ट्र समितीच्या कामात. आता तर तो बेळगावच्या सत्याग्रहाला गेलेल्या तुकडीत होता. जाताना म्हणाला, "काळजी करू नकोस." म्हणजे श्वास घेऊ नकोस म्हणण्यासारखंच. मुलगी खोकली तर घटसर्प, नवऱ्याचं पत्र लांबलं तर लाठी, अशा सरळ रेषेत तिचं मन धावायचं. रघुवीर नसला की त्या धावण्याला अटकाव करणारंही कोणी नसायचं. संध्याकाळी कमळी झोपाळली की खोली एवढी गप्प व्हायची की शेजारी नाना चूल फुंकतायत तेही ऐकू यायचं. आणि मग नानांची काळजी सुरू व्हायची.

नाना देवगडकडचे. मिसरूड फुटायच्या आत मुंबईत आले आणि गाववाल्यांच्या खोलीत राहिले. तेव्हा त्या एका खोलीत इतकी माणसं होती की पाळीपाळीने झोपावं लागे. रात्रपाळीचा उठला की दिवसपाळीचा त्याच वाकळीवर आडवा. जेवण खानावळीत, भांडण नळावर आणि भजन शनिवारी. नाना गिरणीत साळखात्यात, म्हणजे विणकामाला लागले. जन्मभर दोन साचे, म्हणजे माग, चालवले. साच्यांच्या खडखडाटात माणसाचा आवाज माणसाला पोचत नाही. म्हणून तिथले लोक ओठांनी बोलतात, आवाज न काढता. समोरचा ओठ बघतो आणि उत्तर देतो. नानांचे कान हळूहळू साच्यांनी खाल्ले. डोळ्यांना मात्र दहा हात लांबचे ओठ वाचता यायचे.

बायको गावी असायची. मुंबईत आली ती एकदा डोळे दाखवायला आणि एकदा लालबागचे गणपती बघायला. मूलबाळ झालं नाही. पुढे ती वारली, तेव्हा नाना साच्यावर होते आणि तार खोलीवर येऊन पडली होती. खोलीतले सोबतीही एकेक करून गेले. कोणी बिऱ्हाड केलं, कोणी गावचं घर शाकारायला गेला तो परतलाच नाही. भाडेपावती नानांच्या नावावर होती, म्हणून खोली नानांकडे राहिली. इतकी वर्षं जिथे पाय पसरायला जागा नव्हती, तिथे आता नाना एका कोपऱ्यात वाकळ अंथरत. सवयीने अंग चोरूनच झोपत.

गोदी आली ती चाळीच्या गणपतीमुळे. मखरासाठी लाकडाच्या फळ्या आणायला नाना रे रोडच्या वखारीत गेले होते. परतताना एक लालसर पिल्लू हातगाडीच्या मागे चालत लालबागपर्यंत आलं. गोदीच्या बाजूने आली म्हणून तिचं नाव गोदी. कुत्री कसली, नानांचे कानच ते. दारावर कोणी थाप मारली तर नानांना कळायचं नाही. गोदी उठून त्यांच्या गुडघ्याला नाक लावायची. मग नाना म्हणायचे, "कोण ता, बघतंय," आणि दार उघडायचे.

आणि दारावर थापा पडायच्या, त्या डब्यामुळे.

छप्पन सालच्या जानेवारीत गोळीबार झाला, तेव्हा गल्लीच्या तोंडाशी पोलीस होते. दवाखाने बंद, रस्ते बंद. तळमजल्यावरच्या कुशाबाच्या मांडीला लागून गेलं होतं. नुसतं चाटून गेलं होतं, पण दुसऱ्या दिवशी जखम पिकू लागली आणि घरात औषधाचा कण नाही. तेव्हा नाना सगळी चाळ फिरले. कोणाकडे खोकल्याच्या वेळच्या सल्फाच्या चार गोळ्या निघाल्या, कोणाकडे गळवाचं मलम. कुशाबाचा पाय वाचला. त्या दिवसापासून चाळीने नेम केला. आजारी माणसाला बरं वाटलं की उरलेलं औषध डब्यात टाकायचं. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा नानांच्या खोलीत राहिला. पुढे नेमाचा धर्म झाला. ताप उतरला तरी गोळ्या घेत बसणारा माणूस आपलपोटा ठरू लागला. "ताप गेला ना? मग डब्याचं डब्यात टाक की," असं सासवा सुनांना सांगू लागल्या. पाच दिवसांच्या गोळ्या दोन दिवस खायच्या आणि तीन दिवसांच्या लढ्याला द्यायच्या. समितीच्या सभेत कोणीतरी या डब्याचं कौतुक केलं, तेव्हा नाना मैदानात पहिल्या रांगेत बसले होते. बोलणाऱ्याचे ओठ वाचून ते लाजले.

गोदीचं दुखणं सुरू झालं त्याला वर्ष होत आलं. आधी गॅलरीत थेंब थेंब दिसायला लागले. गोदी कधी घाण करणारी नव्हती. मजल्यावरच्या गंगुबाईने पदर खोचून ऐकवलंच, "नाना, तुमच्या राणीसरकारांना सांगा, मोरी त्या टोकाला हाय." नानांनी ओठ वाचले आणि मुकाट्याने फडकं मारलं. मग गोदी बसायची, कण्हायची, आणि निघायचे ते दोन थेंब, तेही गुलाबी. परळच्या डॉक्टरांनी लघवीच्या जागी जंतू झालेत म्हणून सल्फाच्या गोळ्या दिल्या आणि सगळ्या संपवा म्हणून सांगितलं. गोळ्या पोटात गेल्या तशी गोदी चार दिवसांत टणटणीत झाली. नानांनी धर्म पाळला. उरलेल्या गोळ्या डब्यात टाकल्या.

दुखणं परत आलं. पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली. दोन टोचून घेतल्यावर गोदी जिना चढू लागली, म्हणून पुढची राहिली. तिसऱ्या वेळी नानांनी डॉक्टरांना विचारलंच नाही. डब्यातल्या सल्फाच्या गोळ्या होत्या, त्या सुरू केल्या. थोडा उतार पडला. चौथ्या वेळी त्याच गोळ्यांनी काहीच झालं नाही. तेव्हा नाना पुन्हा परळला गेले. डॉक्टर म्हणाले, "हे जंतू आता या औषधांना भीक घालत नाहीत. एकदा अर्धवट मार खाल्ला की जे उरतात ते कोडगे असतात, आणि मग त्यांचीच पिलावळ वाढते. आता असं करू. तिची लघवी काढून घेऊ, काचेच्या बशीत जंतू वाढवू आणि कुठलं औषध त्यांना मारतं ते बघू. पण तोवर तिला एकही गोळी द्यायची नाही."

हे सगळं नानांनी शेवंतीला सांगितलं, पण कालच. आणि ऐकता ऐकता तिने मनात दिवस मोजले. कारण लघवी काढायला नेलं त्या सकाळी, त्याच्या आदल्या दिवशी आणि त्याच्याही आदल्या दिवशी, गॅलरीत बसून नाना, कण्हणं बघवेना म्हणून, गोदीला उकडलेल्या अंड्यात घालून कॅप्सूल भरवत होते ते तिने पाहिलं होतं. कॅप्सुली तिच्याच घरातल्या. पावसाळ्यात कमळीला टायफॉइड झाला होता त्यातल्या. ताप उतरल्यावर रघुवीरने स्वतः नेऊन डब्यात टाकल्या होत्या.

तिला कॉलेजमधलं प्रॅक्टिकल आठवलं. जंतू वाढवायच्या बशीत एकदा तिच्या हातून जंतू मारायच्या कार्बॉलिकचा ओघळ गेला होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बशांवर ठिपके उठले आणि तिची बशी आरशासारखी कोरी. मास्तर म्हणाले होते, "बाई, तुम्ही जंतू नाही, स्वच्छता वाढवलीत." अख्खा वर्ग हसला होता. गोदीच्या लघवीचंही तेच होणार होतं. अंगात कॅप्सूल, म्हणून बशी कोरी. आणि बशी कोरी म्हणून जंतू नाहीत असा निवाडा.

दिवेलागणीला नाना आले. गोदी बरोबर नव्हती. चादर घडी करून काखेत धरली होती. शेवंती दारात उभीच होती. गॅलरीत गंगुबाई कंदिलाची काच पुशीत बसली होती, दोन बायका नळाचं पाणी भरत होत्या. अशा वेळी बहिऱ्या माणसाशी खाजगी बोलायचं म्हणजे चाळीत दवंडी पिटायची. पण नानांशी बोलायला आवाज लागत नाही. शेवंती त्यांच्या समोर गेली आणि नुसते ओठ हलवले.

"सांगितलंत?"

नानाही तसेच बोलले. जुन्या सवयीने, आवाज गिळून. "डाक्टरान इचारल्यान, काय औषध दिलास काय. मी म्हटलंय, नाय."

"का पण, नाना?"

"गोदीक ठेवून घेतल्यानी. बशीत काय एक उगवला नाय. डाक्टर म्हणतत, जंतू नाय, खडो आसतलो. एक्सरेच्या फोटोत दिसत नाय असे पण खडे असतत. सकाळी पोट उघडून बघतले."

"तिचं वय काय, नाना. पोट उघडल्यावर ती उठेल का?"

नानांनी चादर या काखेतून त्या काखेत घेतली.

"कॅप्सुली होत्या तोवर गोदी बरी होती का नव्हती?" शेवंतीने बोटांवर मोजल्यासारखा एकेक शब्द ओठांवर मांडला. "जिना चढली. रक्त थांबलं. कॅप्सुली संपल्या आणि परत सुरू झालं. खडा कॅप्सुलीने विरघळतो का? जंतूच आहेत ते. आणि त्यांना मारणारं औषधही आपल्याला माहीत आहे. फक्त डॉक्टरांना माहीत नाही."

"तुम्ही शिकलेली माणसा, वैनी. डाक्टर पण शिकलेलो."

"डॉक्टर शिकलेला आहे, पण तुम्ही त्याला खोटं सांगितलंत."

हे बोलताना तिचा चेहरा बदलला असावा, कारण गंगुबाईने काच खाली ठेवली. "काय गं, काय चाललंय दोघांचं मूकनाट्य? गोदी गेली काय?"

"नाही हो गंगुबाई, ठेवून घेतलीय," शेवंती मोठ्याने म्हणाली.

"मग बरं. उद्या तरी पाय न घसरता मोरीवर जाईन," गंगुबाई म्हणाली. पण उठली, घरातून एका ताटलीत भाकरी आणि सुकटीची चटणी घेऊन आली आणि नानांच्या हातात कोंबून गेली.

नाना ताटली धरून उभे राहिले. मग शेवंतीकडे वळून ओठांनी म्हणाले, "सांगलंय असता तर डाक्टर इचारतलो, कुत्र्याक टायफॉइडच्या कॅप्सुली दिल्यान कोणी. मगे डबो. मगे डब्यात काय काय आसा आणि कोणाकोणाक दिलास. माणसांका पण तेच चाल्लासा ना, वैनी. चार खा नि उरलेला टाक. डाक्टर म्हणतलो, फेकून दे डबो. तो म्हणालो की तुमचे यजमान पण म्हणतले. समिती पण म्हणतली."

"म्हणू देत. आमच्या कमळीच्या अर्ध्या राहिल्यात त्या कॅप्सुली. तिचा ताप उलटला असता तर? मला झोप नाही कालपासून."

नानांच्या डोळ्यांत पाणीबिणी काही आलं नाही. ते तिच्या ओठांकडे बघत राहिले, आणखी काही येतंय का म्हणून. मग म्हणाले, "डबो गेलो काय माझी खोली नुसती खोली. लोकांका माझ्याकडे काय काम? ह्या खोलीत पूर्वी पाय ठेवूक जागा नव्हती. आता कोण थापटता तो डब्यासाठीच थापटता. खडो असलो तर देवान दिलो. जंतू असलो तर मी दिलंय. माका खडो बरो."

ते आत गेले. दार लोटलं, पण कडी लावली नाही. शेवंती उंबऱ्याबाहेर घुटमळली. मग तिने दारावर बोटं वाजवली. आत नाना ताटलीसमोर, दाराकडे पाठ करून बसलेले फटीतून दिसत होते. ती पुन्हा वाजवत राहिली. नाना हलले नाहीत. त्यांनी ऐकलं नव्हतं, आणि दार वाजतंय असं सांगायला आत कोणी नव्हतं. भाकरीचा तुकडा मोडून त्यांनी सवयीने डाव्या बाजूला जमिनीवर ठेवला. मग तो उचलला आणि स्वतःच खाल्ला.

हे बघून शेवंती आपल्या खोलीत आली. कमळी पाटीवर चित्र काढत होती. शेवंतीने तिच्या कपाळाला हात लावला. कपाळ थंडगार होतं.

"आई, तू सारखी काय बघतेस? मला ताप नाहीये," कमळी वैतागून म्हणाली.

"असू दे. गंगुबाईंकडे जाऊन बस जरा."

"का?"

"मला खाली जायचंय."

जिना उतरताना तिचं मन दोन्हीकडून तिला ओढत होतं. आपलं चुकलं तर? खरंच खडा असला आणि आपल्या सांगण्याने उघडून बघायचं थांबलं, तर गोदी तडफडून मरेल आणि पाप आपल्या माथी. आणि जंतू असलेच, तर आपण दिलेल्या त्या अर्ध्या कॅप्सुलींनी त्या औषधालाही ते निर्ढावले नसतील कशावरून? मग सांगूनही गोदी जाणारच, आणि डबाही जाणार. नानांकडे काहीच उरणार नाही. रघुवीर असता तर म्हणाला असता, दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नकोस. किंवा म्हणाला असता, अगं लगेच सांग. काय म्हणाला असता तेही तिला नक्की सांगता येईना. एवढ्या दिवसांच्या एकटेपणात त्याचा आवाजही पुसट झाला होता.

एक गोष्ट मात्र नक्की होती. नाना स्वतःहून उद्या सकाळी इस्पितळात जाऊन बोलतील हे होणार नव्हतं. मध्येच मन बदललं तरी फोन त्यांच्या उपयोगाचा नव्हता. तारेपलीकडच्या माणसाचे ओठ कसे दिसणार? गोदीसाठी आज रात्रीपर्यंत बोलू शकेल असं सगळ्या चाळीत एकच माणूस होतं, आणि ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर चपलेचा अंगठा नीट करत उभं होतं.

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन होता. दुकानदार शरच्चंद्र फळ्या लावायच्या बेतात होता. दुकानात कुशाबा बसून पेपर वाचत होता, एक पाय लांब करून.

"या वहिनी," शरच्चंद्र म्हणाला. "बेळगावची काही खबर?"

"पत्र नाही अजून."

"येईल, येईल. आणि औषध हवंय काय? तुमच्या चाळीतले लोक माझ्याकडे येतच नाहीत हल्ली. नानांनी माझं दुकान बसवलं."

कुशाबा पेपरातून हसला. "नानाचा डबा हाय तवर तुजं दुकान बसलेलंच राहणार, शरद. माजा पाय विचार."

शेवंती काउंटरला धरून उभी राहिली. फोन तिच्या समोरच होता, काळा, जड, तारेचं वेटोळं बाजूला. तो उचलला की कुशाबा ऐकणार. कुशाबाने ऐकलं की उद्या सकाळी नळावर बोलणं होणार की रघुवीरच्या बायकोने डब्याची चुगली केली, तीही नानांना न सांगता. नाना तिच्याशी बोलणार नाहीत. ओठांनीही नाही. चाळीत आवाज न काढता तिच्याशी बोलणारं एवढं एकच माणूस होतं. रघुवीर नसताना काही दिवस ती दुसऱ्या कोणाशी धड चार वाक्यंही बोललेली नसायची. ते बोलणं आज बंद होणार होतं.

तिने डॉक्टरांना काय सांगायचं ते मनात लावून घेतलं. आधी सल्फा, चार दिवस. मग पेनिसिलिन, दोनच सुया. मग पुन्हा सल्फा, डब्यातली. आणि लघवी काढायच्या सकाळपर्यंत टायफॉइडच्या कॅप्सुली, ज्यांनी गोदी बरी होत होती. पोट उघडायच्या आधी आणखी एकदा लघवी तपासा, एवढंच. कोणी दिल्या म्हणून विचारलं, तर आमच्या घरातल्या. डब्याचं विचारलं, तर डब्याचंही. काही झाकायचं नाही.

"वहिनी, फळ्या लावू ना?" शरच्चंद्रने विचारलं. "का घरात कोणी आजारी आहे?"

"आहे," शेवंती म्हणाली. "परळच्या जनावरांच्या इस्पितळाचा नंबर काढून द्या. रात्रपाळीचे डॉक्टर असतील ना? आणि फोन जरा इकडे सरकवा."